सुप्याच्या खतापासून सिबिलपर्यंत : नावापुढची चुकीची ओळ पुसायची कुणी?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. तुम्ही कर्ज काढलेलं असो वा नसो, तुमच्या नावाची एक फाईल मुंबईत कुठेतरी तयार असू शकते, म्हणून वाचा.

गेल्या वर्षी जूनअखेरीला आमच्या पेठेतले शिलाईकाम करणारे एक काका माझ्याकडे आले. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत अर्ज केला, बापाला सहकर्जदार व्हावं लागतं म्हणून यांचे कागद दिले, आणि साहेबांनी तोंडी सांगून टाकलं, "काका, तुमचं सिबिल खराब आहे. जमणार नाही." हातात दोन पानांचं इंग्रजी प्रिंटआउट होतं. मला म्हणाले, "पत्रकार, तुम्हीच वाचा. मला यातलं माझं नाव तेवढं ओळखू येतंय."

वाचलं. २०११ सालचं दुचाकीचं कर्ज. अकरा हजार आठशे रुपये थकीत, पुढे शेरा की कंपनीने रक्कम निर्लेखित केली, म्हणजे बुडीत खाती टाकली. आता गंमत अशी की या काकांना सायकलशिवाय दुसरं वाहन येत नाही. दहा मिनिटं विचारपूस केल्यावर उलगडा झाला. त्यांच्या मूळ गावात त्यांच्याच नावाचा, त्याच वडिलांच्या नावाचा आणि आडनावाचा आणखी एक माणूस आहे. गावात एकाला खालच्या आळीचा म्हणतात, दुसऱ्याला वरच्या आळीचा. त्यामुळे गावात कधी घोटाळा झाला नाही. पण कॉम्प्युटरला आळी कळत नाही. त्याला नाव, गाव आणि जन्मतारीख कळते. आणि जन्मतारीख दोघांचीही १ जून! आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी अर्ध्या पिढीचा वाढदिवस १ जूनलाच लावून ठेवलाय, हे इथं सगळ्यांना माहीत आहे.

काका एवढंच विचारत होते, "मी न काढलेलं कर्ज माझ्या नावावर लिहिलं कुणी? आणि मला न दाखवता?"

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. दीडशे वर्षं जुना आहे.

१२ मे १८७५. सुपे. आजच्या बारामती तालुक्यातलं गाव, तेव्हा भीमथडीत होतं. बाजाराचा दिवस. जमलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले. तिथून पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत हे लोण पसरलं. इतिहासात याला 'डेक्कन रायट्स', दख्खनचे दंगे म्हणतात. पण नंतर सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या नजरेत एक गोष्ट भरली, ती अशी की लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर कमी आणि त्याच्या कागदांवर जास्त होता. खतं, वह्या, कोर्टाचे हुकूमनामे. हे आणा, जाळा. सावकाराने निमूटपणे कागद दिले तिथं बहुतेक वेळा पुढचा दंगा झाला नाही.

का? अमेरिकेतल्या यादवी युद्धात आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकाराने हात सैल सोडला, १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला. त्यात सरकारने शेतसारा वाढवला. हे शाळेच्या पुस्तकात असतं. पुस्तकात सहसा नसतं ते मुदतीच्या कायद्याचं. १८५९ च्या कायद्याने कर्जाच्या खतावर दावा करायला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू चांगला होता, जुनी खतं उकरून कुळाला छळू नये. झालं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार मुद्दल आणि व्याज मिळून नवीन खत करून घ्यायचा. तेच नवीन मुद्दल. कुळाला वाचता येत नाही, अंगठा उठवायचा. मधे काही धान्य, काही रोख दिलेलं असेल तर ते वहीत जमा धरलं की नाही हे कळायला मार्ग नाही. वही सावकाराची, अक्षर सावकाराचं, पेटीही सावकाराची. कोर्टात मात्र तीच वही पुरावा.

मग १८७९ मध्ये दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. आमच्या पदविकेच्या अभ्यासक्रमात याचा उल्लेख एका ओळीत होता. नंतर कधीतरी मी मूळ कलमं वाचली, तेव्हा चकित झालो. कोर्टाला खताच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा सगळा हिशेब तपासायचा अधिकार दिला. म्हणजे कागदावर शंभर लिहिलं म्हणून शंभर खरे, असं नाही. आणि त्याच कायद्यात शेतकऱ्याला भरलेल्या पैशाची लेखी पावती, दरवर्षी हिशेबाचा उतारा आणि पासबुकात खातं लिहून मागण्याचा हक्क दिला. देणाऱ्याने टाळलं तर शिक्षा. 'माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला दाखव' हा हक्क आपल्या मातीत १८७९ चा आहे, एवढं लक्षात ठेवा. पुढे १९४६ चा मुंबई सावकारी कायदा आणि आपल्या राज्याचा २०१४ चा सावकारी कायदा, दोन्हींत हिशेबाचा उतारा देण्याची सक्ती आहेच.

आता दुसरं टोक. सिबिलसारख्या कंपन्यांचं कूळ अमेरिकेत सापडतं. लुईस टॅपन नावाचा न्यूयॉर्कचा रेशमाचा व्यापारी. गुलामगिरीविरोधी चळवळीतला मोठा माणूस. १८३७ च्या मंदीत भावाबरोबरची त्याची पेढी बुडाली, कारण उधारी वसूल होईना. त्यातून १८४१ मध्ये त्याने 'मर्कंटाइल एजन्सी' काढली. गावोगावचे वकील आणि दुकानदार वार्ताहर नेमायचे, त्यांनी तिथल्या व्यापाऱ्यांची खबर पाठवायची : माणूस कसा आहे, पितो का, बायकोच्या माहेरची इस्टेट किती. अब्राहम लिंकनही वकिली करताना अशा खबरा पाठवत असे. मोठमोठ्या वह्यांत हे उतरवून ठेवायचे आणि वर्गणीदार आला की कारकून त्याला ते वाचून दाखवायचा. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला मात्र काही दाखवायचं नाही. अडीच हजारांहून जास्त वह्या आज हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत.

चूक झाली तर? ओहायोतल्या नॉर्वॉक गावच्या एका व्यापाऱ्याबद्दल खबर गेली की त्याची बायको घटस्फोट मागणार आहे आणि तो मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करण्याच्या बेतात आहे. त्याची पत बसली. त्याने दावा लावला. ज्युरीने दहा हजार डॉलर भरपाई दिली, पण खटला वीसेक वर्षं रेंगाळला आणि १८७० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. आपल्या दिवाणी कोर्टांना नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

पुढची पायरी सामान्य गिऱ्हाइकांची. १८९९ मध्ये अटलांटात वुलफर्ड बंधूंनी 'रिटेल क्रेडिट कंपनी' काढली. दुकानदारांसाठी गिऱ्हाइकांची यादी, कोण वेळेवर देतो, कोण रखडवतो, कोणाला रोखीशिवाय देऊ नये. साठ-सत्तर वर्षांत या यादीचं इतकं मोठं भांडार झालं की लोकांच्या खासगी आयुष्यातल्या ऐकीव गोष्टीही त्यात शिरल्या. १९६८ पासून अमेरिकी संसदेत सुनावण्या झाल्या, सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी विषय लावून धरला आणि २६ ऑक्टोबर १९७० रोजी 'फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अॅक्ट' झाला. त्यात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. तुम्ही म्हणालात ही नोंद चूक आहे, तर कंपनीने ती पडताळायची. पडताळता आली नाही तर ती काढून टाकायची. १९९६ च्या दुरुस्तीने त्याला ३० दिवसांची मुदत घातली आणि माहिती पुरवणाऱ्या बँकांनाही जबाबदार धरलं. ती रिटेल क्रेडिट कंपनी म्हणजेच आजची इक्विफॅक्स. आपल्याकडे परवाना असलेल्या चार कंपन्यांतली एक.

आणि सिबिल? नव्वदच्या दशकात थकीत कर्जांनी बँका बेजार झाल्या होत्या. रिझर्व्ह बँकेने एन. एच. सिद्दीकी यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला, १९९९ मध्ये त्याचा अहवाल आला आणि २००० मध्ये सिबिलची स्थापना झाली. सुरुवातीचे भागधारक कोण? स्टेट बँक आणि एचडीएफसी प्रत्येकी ४० टक्के, उरलेले दहा-दहा टक्के ट्रान्सयुनियन आणि डन अँड ब्रॅडस्ट्रीट यांचे. ही डन अँड ब्रॅडस्ट्रीट म्हणजे टॅपनच्या त्या वह्यांचीच पणती. न्यूयॉर्कच्या रेशीमवाल्याची वही फिरत फिरत आमच्या शिलाईवाल्या काकांपर्यंत आली ती अशी. आज सिबिलची सूत्रं ट्रान्सयुनियनकडे आहेत. बाकीच्या दोन कंपन्या एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क. आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो. पण वह्या चार आहेत, आणि एकीत सुधारलं म्हणजे चारीत सुधारलं असं नव्हे.

कायदा यायला २००५ उजाडलं. क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीज (रेग्युलेशन) अॅक्ट. अंमल १४ डिसेंबर २००६ पासून. त्याच्या २१ व्या कलमात आपला हक्क आहे. तुम्ही कर्जाचा अर्ज केला असेल तर आपल्या माहितीची प्रत मागता येते. चूक असेल तर दुरुस्ती मागता येते, आणि ३० दिवसांत पावलं उचलणं त्यांना बंधनकारक आहे. शिवाय रिपोर्टमुळे कर्ज नाकारलं तर बँकेने ३० दिवसांच्या आत लेखी कारण द्यावं, रिपोर्टची प्रत आणि तो देणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता द्यावा, असं नियमावलीत आहे. आता मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांना असं लेखी पत्र मिळालंय? मी वीस वर्षं या तालुक्यात बातमीदारी करतोय, मी तरी एकही पाहिलेलं नाही. सगळं तोंडी. "सिबिल खराब आहे," विषय संपला.

पण या कलमात एक मेख आहे, आणि ती मला खटकते. दुरुस्तीची विनंती आली तरी संबंधित बँकेने किंवा फायनान्स कंपनीने 'हो, हे बरोबर आहे' असं प्रमाणित केल्याशिवाय क्रेडिट कंपनी नोंद बदलू शकत नाही. म्हणजे अमेरिकेत सिद्ध करता आलं नाही तर ओळ जाते. आपल्याकडे ज्याने चूक केली त्यानेच मान्य केलं तर ओळ जाते. १८७९ च्या कायद्याने सावकाराच्या शब्दापलीकडे जायची वाट करून दिली होती. २००५ च्या कायद्याने वहीतला शेवटचा शब्द पुन्हा वहीवाल्याच्या हातात ठेवला. क्रेडिट कंपन्यांची बाजूही आहे, नाही असं नाही. कुणीही उठून 'हे माझं कर्ज नाही' म्हणेल आणि खरी थकबाकी पुसून घेईल. ती भीती खरी आहे. पण मग पडताळणीला उशीर झाला तर नुकसान कुणी सोसायचं? वर्षानुवर्षं ते कर्जदारानेच सोसलं.

रिझर्व्ह बँकेने हळूहळू पट्टा आवळला. २०१५ मध्ये सगळ्या बँकांना चारही कंपन्यांचं सदस्य व्हायला लावलं. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसह फुकट द्यायचा. सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्यांविरुद्धही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येऊ लागलं. आणि मग २६ ऑक्टोबर २०२३ चं परिपत्रक. (तारीख पाहिलीत? अमेरिकेच्या कायद्याला त्या दिवशी बरोबर ५३ वर्षं झाली. योगायोग.) तक्रार केल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला. यातले पहिले २१ दिवस बँकेचे. तिने २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवली नाही तर भरपाई बँकेची. पाठवली आणि क्रेडिट कंपनी रेंगाळली तर कंपनीची. एप्रिल २०२४ पासून हे लागू आहे. त्याच दिवशीच्या दुसऱ्या परिपत्रकात असंही आहे की तुमचा रिपोर्ट कुणी मागवला तर तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल यायला हवा, आणि दुरुस्ती नाकारली तर कारण कळवायला हवं. मोबाईल नंबर बदललेला असेल तर बँकेत आधी तो बदला, नाहीतर एसएमएस जुन्या नंबरवर जाऊन बसेल. जानेवारी २०२५ मध्ये बँकांना ही माहिती महिन्याऐवजी दर पंधरवड्याला पाठवायला लावलं.

शेतकऱ्यांचं वेगळं सांगायला हवं. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्यांनंतर खातं माफ झालं, पण रिपोर्टमधली नोंद तशीच, अशा तक्रारी घेऊन लोक आजही येतात. मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना बजावलं की पीककर्जासाठी सिबिल मागू नका, मागाल तर कारवाई करू. बातमी आम्हीही छापली. पण 'मागू नका' सांगणं वेगळं आणि 'चुकलेली नोंद सुधारा' सांगणं वेगळं. उद्या त्याच शेतकऱ्याच्या पोराला टेम्पो घ्यायचा असेल तेव्हा तीच ओळ पुन्हा समोर येणार. आणि पतसंस्थांचं लक्षात घ्या : त्या सहकार खात्याकडे येतात, रिझर्व्ह बँकेकडे नाहीत. तिथल्या हिशेबाचं भांडण घेऊन लोकपालाकडे गेलात तर हात हलवत परत याल.

तर आमचे काका. आम्ही चारही कंपन्यांचे फुकटचे रिपोर्ट काढले. चूक दोघींकडे निघाली, दोघींकडे नव्हती. दोन्हीकडे ऑनलाइन तक्रार टाकली आणि त्या फायनान्स कंपनीच्या जिल्ह्याच्या शाखेला मराठीत पत्र दिलं. सोबत पॅन आणि आधारची प्रत, आणि स्वच्छ लिहिलं की कर्जाच्या मूळ अर्जावरची सही आणि फोटो दाखवा. पोच घेतली. तिथला पोरगा पोच द्यायला तयार नव्हता, म्हणाला, "काका, तुम्ही तडजोड करून थोडे भरून टाका ना, आठ दिवसांत क्लिअर होईल." हे मात्र कधी करू नका. जे कर्ज तुमचं नाही त्यात एक रुपया भरलात की ते तुमचं आहे हे तुम्हीच कबूल केलं, आणि शेरा पडतो 'सेटल्ड'. तो कर्ज पूर्ण फेडल्याच्या शेऱ्याइतका चांगला धरत नाहीत.

बँकेकडेही अर्ज दिला, नकाराचं कारण लेखी द्या म्हणून. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका प्रकरणात म्हटलंय की केवळ कमी स्कोअरमुळे शैक्षणिक कर्ज नाकारू नये. त्या निकालाची प्रत जोडली. ते पत्र बँकेने अजूनही दिलेलं नाही.

एकविसावा दिवस गेला, तिसावा गेला. पस्तिसाव्या दिवशी आम्ही रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार नोंदवली. आधी संबंधित संस्थेकडे तक्रार करून ३० दिवस थांबावं लागतं, म्हणून तारखेची पोच जपून ठेवायची. सत्तेचाळिसाव्या दिवशी दोन्हीकडची ओळ गेली. मूळ अर्जावरचा फोटो वरच्या आळीच्या माणसाचा होता.

तीस दिवसांवर सतरा दिवस, म्हणजे सतराशे रुपये. ते फायनान्स कंपनीने खात्यात जमा केले, एकदा आठवण करून दिल्यावर. काकांनी मला मेसेज दाखवला. पण कॉलेजची पहिल्या हप्त्याची तारीख तोवर होऊन गेली होती, आणि त्यासाठी काकूंच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवाव्या लागल्या होत्या. बँकेचं कर्ज पुढे ऑक्टोबरमध्ये मंजूर झालं. पाटल्यांचं व्याज किती झालं ते काकांनी मला सांगितलं नाही, पण हिशेबाचा उतारा लेखी मागून घेतलाय, तो दाखवला.

ज्यांना पत्राचा नमुना हवा असेल त्यांनी कार्यालयात येऊन झेरॉक्स घेऊन जावी. येताना आपला रिपोर्ट काढून आणा. चारही.